पोकुआचा मुका लॅपटॉप

नवा लॅपटॉप का घेत नाही, असं विचारणारे तुम्ही कोण? विचारलंत ना, मनातल्या मनात? इथे घानातल्या कुमासी शहरात पोकुआला कुणी ना कुणी रोज हेच विचारतं. आणि विचारणाऱ्यांपैकी एकानेही आजवर तिला साधा माउस घेऊन दिलेला नाही.

पोकुआची दृष्टी लहानपणी गोवराने गेली. आमच्या अपंगांच्या संघटनेत ती माझ्या आधीपासून आहे आणि माझ्यापेक्षा जास्त भांडते, एवढं सांगितलं की ओळख झाली. पोटासाठी ती मयताची निवेदनं लिहिते. आमच्याकडे माणूस गेला की शनिवारच्या विधीची खबर रेडिओवर जाते. कोण गेलं, कुठे जमायचं, आणि मग घरच्यांची नावं. या नावांचा क्रम चुकला की मयत राहतं बाजूला आणि काका-मामा एकमेकांच्या अंगावर जातात. पोकुआ त्यांना समोर बसवते, भांडण तिथल्या तिथे मिटवते आणि मगच टाइप करते. लॅपटॉप तिला शब्द न् शब्द वाचून दाखवतो, आमची नावं एखाद्या गोऱ्या पाद्र्यासारखी वेडीवाकडी उच्चारत. तिला त्याची सवय आहे. पडदा मात्र ती काळाच ठेवते. तेवढीच बॅटरी वाचते. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही.

त्या गुरुवारी रेडिओवाल्यांनी निवेदनं घ्यायची पद्धत बदलली. नवा प्रोग्रॅम आला, आणि तो पोकुआच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर उघडेचना. तिथले व्यवस्थापक अजेकुमसाहेब फोनवर गोड आवाजात म्हणाले, "पोकुआताई, संध्याकाळच्या बातम्यांआधी नव्या पद्धतीने आलं तर ठीक. नाहीतर उद्यापासून हे काम माझा भाचा बघेल. तुम्ही पण आता जरा आराम करा."

"आराम मेल्यावर करीन," ती म्हणाली. "त्याचंही निवेदन मीच लिहून ठेवलंय."

तिने फोन ठेवला आणि लॅपटॉप काखेत मारला. आम्ही तडक आसाफो भागात ज्यामेराच्या टपरीवर गेलो. जुनी यंत्रं दुरुस्त करणारा हा. त्याने झाकण उघडलं आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, पडदा गेलाय याचा."

"गेला नाही, मी घालवलाय. वरची कळ दाब."

त्याने पेनड्राइव्ह लावला, बराच वेळ हूं हूं केलं. "कंपनी म्हणते, हे यंत्र म्हातारं आहे. नव्या सिस्टीमला लायक नाही."

"कंपनीला कुणी विचारलंय?"

"ती तपासणीच मी गाळून टाकतो. चालेल. पण पुढे कंपनीकडून दुरुस्त्या येतील, न येतील. तेव्हा माझ्या नावाने ओरडायचं नाही."

"ओरडायचं तेव्हा ओरडेन. तू सुरू कर."

सुरू झालं. सिस्टीम बसत असताना लॅपटॉप बोलत नव्हता, त्यामुळे पोकुआ आमच्या तोंडाकडे कान लावून बसली. मी भाजलेलं केळं आणि शेंगदाणे आणले. तिने शेंगदाणे कागदात नुसते चुरगाळले.

"किती झालं?"

"आत्ताच सांगितलं की, ताई!"

"ते मघाचं. आताचं सांग."

तेवढ्यात वीज गेली. शेजारच्या शिंप्याची यंत्रं गप्प झाली. ज्यामेराने लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीवर हात ठेवून देवाचं नाव घेतलं. वीज आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. अजेकुमसाहेबांचा फोन वाजला, तिने उचलला नाही. ऊन रस्त्याच्या पलीकडे सरकत होतं.

"झालं!" ज्यामेरा ओरडला. "एक नंबर!"

शिंपी डोकावला. "काय रंग आहेत हो!"

पोकुआने कळा दाबल्या. पुन्हा दाबल्या. "कुठे झालंय?"

"समोर दिसतंय की, ताई."

"कुणाला दिसतंय रे?" मी त्याच्या अंगावरच गेलो. ज्यामेरा चपापला. आवाज वाढवून पाहिला, तारा खेचून पाहिल्या. लॅपटॉपमधला आवाजाचा भाग इतका जुना, की नवी सिस्टीम त्याला ओळखच दाखवेना.

"बाकी सगळं चालतंय," तो पुटपुटला. "आवाज तेवढा नाही."

"बाकी सगळं म्हणजे काय?" पोकुआने विचारलं.

ज्यामेराने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "आजच्यापुरतं मी टाइप करून देतो."

"आणि उद्या? तुला घरी नेऊन ठेवू?"

समोर हज करून आलेल्या हाजिया रामातूच्या झाडपाल्याच्या दुकानात भोंगा किंचाळत होता. सांधेदुखी, मूळव्याध, बाळंतपणाची कंबर. पोकुआ उसळली. "तो भोंगा बंद करा कुणीतरी! डोकं फुटेल माझं!"

ज्यामेरा बंद करायला गेला आणि तिथेच थबकला. भोंगा यूएसबीने जोडलेला होता. म्हणजे आवाजाचा भाग त्याच्या स्वतःच्याच पोटात. तो भोंगा उचलूनच पळत आला, मागून हाजिया.

"अरे मेल्या, माझं गिऱ्हाईक तुटेल!"

"हाजिया, घडीभर लोकांना दुखू द्या!"

त्याने तार खुपसली. भोंग्यातून गोरा पाद्री गरजला आणि अख्खा आसाफो दचकला. पोकुआ हसलीसुद्धा नाही, सरळ टाइप करू लागली. एका कोको-दलालाच्या म्हाताऱ्या आईचं निवेदन होतं, आणि एकेक नाव रस्त्यावर घुमत होतं. डोक्यावर कोंबड्यांची टोपली घेतलेला एक गृहस्थ थांबला.

"अहो, धाकट्या मामाचं नाव आधी कसं?"

"तुम्ही त्या घरचे?"

"नाही."

"मग चालू लागा. त्या घरातलं भांडण मी मिटवलंय, तुम्ही पुन्हा पेटवू नका."

निवेदन गेलं. थोड्या वेळाने साहेबांचा एकच शब्द आला: मिळालं. भाच्याचा उल्लेख नव्हता. हाजियाने भोंगा ओढून नेला. त्या जागी ज्यामेराने खोक्यातून एक छोटा, चिरका भोंगा शोधून दिला, आणि मजुरी मागायची हिंमत केली नाही. पोकुआने तरी ती त्याच्या हातात कोंबली. फुकटचं काम तिला कधीच चालत नाही.

तुमच्यापैकी कुणी यंत्रं दुरुस्त करत असेल, तर एवढं करा: "झालं" म्हणायच्या आधी ते यंत्र ज्याचं आहे त्याच्या हातात द्या, आणि "झालं" हा शब्द त्याला म्हणू द्या.