एकही रेघ नसलेली वही

आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत चुकलेला आकडा पुसायचा नसतो. त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी सही करायची, अशी रीत आहे. आज माझ्या हाताखालच्या सुनीताची वही तपासताना लक्षात आलं, महिनाभरात तिच्या एकाही आकड्यावर रेघ नाही. पानंच्या पानं कशी नितळ!

मागच्या महिन्यात अशाच एका रेघेवरून मी तिला सगळ्यांसमोर नको ते बोलले होते. तेव्हापासून तिच्या चुका थांबल्या, की त्या मला दिसणं थांबलं? या आकड्यांच्या भरवशावर अख्खं गाव पाणी पितं. वही तपासल्याची सही न करताच मी पेन खाली ठेवलं.

“मॅडम, काही चुकलं का?” सुनीतानं घाबरत विचारलं.

चुकलं होतं, माझंच. पण ते कुठल्याच पानावर लिहिलेलं नव्हतं; रेघ मारणार कुठे?