मी लावलेली टिकली
सात रस्ता चौकाजवळ माझं फोटोचं दुकान आहे. पासपोर्ट साइझ, आठ कॉपी, दहा मिनिटांत. बाईचं कपाळ मोकळं दिसलं की मी कॉम्प्युटरवर टिकली लावून देतो. बायका घाईत विसरून येतात आणि मग नवरा नाहीतर सासू दुकानात येऊन भांडतात, म्हणून लागलेली ही खोड. विचारत बसत नाही, हात आपोआप चालतो.

एकदा मैंदर्गीची एक बाई आली, तिशीतली. चिंचोळी एमआयडीसीत काम लागलं होतं, गेटपासला फोटो पाहिजे होता. मी टिकली लावली आणि वर फुशारकीनं म्हणालो, "बघा, कसा झकास आलाय!" तिला बसची घाई. फोटोंचं पाकीट न उघडताच तिनं पिशवीत टाकलं.

चौथ्या दिवशी ती परत आली. डोळे सुजलेले.

"दादा, माझा मालक जाऊन दोन वरसं झाली. ही टिकली कुनी लावली ओ?"

मग तिनं सगळं सांगितलं. पाकीट सासूच्या हाती लागलं होतं. कुणासाठी नटून फोटो काढलास, म्हणत सासऱ्यानं तिला घराबाहेर काढलं होतं आणि तिची सहा वर्षांची पोरगी ठेवून घेतली होती.

"मला बाकी काय बी नको, माझी पोरगी तेवडी पायजे. तुमी फोन करून सांगा की, टिकली मीच लावली म्हनून."

फोन करायचा, एवढंच काम. पण मी जन्माचा आगाऊ! म्हणालो, "फोनवर कोण ऐकतंय? बसा गाडीवर, समोरासमोर सांगतो." ती दोनदा म्हणाली, "मी बसनं येते, तुमी म्होरं जावा." उन्हात एसटीची वाट बघत बसणार का, म्हणून मी उलट तिलाच दटावलं. आपण केवढं पुण्य करतोय, असं वाटत होतं मला. कशाचं काय!

तिच्या दारात मोटरसायकल थांबवली. पोरगी "आई आली" म्हणत धावत आली, तोच सासूनं दंड धरून तिला मागं ओढलं. मी मोबाइल काढून मोकळ्या कपाळाचा मूळ फोटो पुढं केला. सासऱ्यानं तो पाहिलाच नाही. तो माझ्याकडं बघत होता, मग तिच्याकडं, मग गाडीकडं. शेजारच्या कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहिली होती.

"ह्योच व्हय त्यो?" तो तिला म्हणाला.

मी ओरडलो, शपथा घेतल्या, माझ्या बायकोला फोन लावून देतो म्हणालो. जितकं बोललो तितकं बिघडत गेलं. दार धाडकन लागलं. आत पोरगी रडत होती.

बाईनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती उंबऱ्याशी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, तुमी जावा आता. तुमी हितं हाय तवर त्ये दार उघडायचे न्हाईत."