विनंतीला कोण उभं राहणार?

नामपूरहून निघालो तेव्हा कांद्याचे दिवस होते. मार्केटकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग थेट स्टँडपर्यंत आलेली आणि आमची एसटी तिच्या मागे अडकलेली. त्यामुळे निरोप लांबला. बापाला असलं लांबलेलं आवडायचं नाही. तो मार्केटात गोण्या भरायचा. त्या दिवशी काम अर्ध्यात टाकून आला होता आणि सारखा मार्केटच्या फाटकाकडे बघत होता. आई खिडकीची दांडी धरून उभी. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिने फडक्यात बांधून दिली होती, ती माझ्या मांडीवर.

शेवटी बापाने खिडकीतून हात आत घातला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि आमच्या अहिराणीत म्हणाला, "लोकेस्ना पुढे हात पसरू नको. देवना उपकार मान, बस."

गाडी हलली तशी आई बरोबर चालायला लागली. "भाऊ, देव तठे बी शे," म्हणाली. तिथंही देव आहे. मग गाडीने वेग घेतला आणि ती मागे राहिली.

गावाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गठुडं बांधून निघालेल्यांनो, तुमच्यासाठी हे लिहितोय. चौथीपर्यंत शिकलोय. सून म्हणाली, बाबा मी शुद्ध करून देते. मी म्हटलं, नको. जे मोडकं आहे ते मोडकंच जाऊ दे.

बाप हात पसरू नको का म्हणाला ते तुम्हाला माहीत आहे, पण पोरांना माहीत नाही, म्हणून सांगतो. गावात आपली ख्रिस्ती घरं चार. उपासनेचं पत्र्याचं छोटं मंदिर, आणि घंटा म्हणून कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. गावातले काही लोक तोंडावर म्हणायचे, यांनी गव्हासाठी देव बदलला. बापाला ते लय लागलं होतं. दुष्काळात मिशनचे लोक शेजारच्या घरी धान्य वाटत होते, तर आमचा बाप दार लावून आत बसला. आम्ही कण्या खाल्ल्या आणि त्या कण्यांबद्दल उपकाराची प्रार्थना केली. मागायचं नाही, आभार मानायचे. आमच्या घरातला धर्म एवढाच होता म्हणा ना.

ओझरच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. विमानाच्या पत्र्याला रिव्हेट ठोकतात. ठोकणारा एका बाजूला, आणि पत्र्याच्या पलीकडे एक जण लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो, म्हणजे रिव्हेटची शेपटी त्यावर चेपली जाते. तो ठोकळा धरणारा मी. ठोकणारा दिसत नाही. नुसते हाताला हादरे बसतात. ठोकळा हलला की काम बिघडलं. हात झिणझिणायचे, घास नीट धरता यायचा नाही. तरी विमान आकाशात गेलं की मान वर करून बघायचो आणि वाटायचं, याच्यात आपण आहोत.

रविवारी ओव्हरटाइम निघाला की मी नाही म्हणायचो. फोरमन चिडायचा. जाधव नावाचा माझा जोडीदार होता, बौद्ध, माझ्याच वयाचा. तो म्हणाला, "याकोब, तू तुझ्या देवाला भेटून ये. मी धरतो तुझा ठोकळा." जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला मी त्याची ड्यूटी करायचो. निवृत्त होईपर्यंत ही अदलाबदल चालली. मी अहिराणीत बोललो की तो म्हणायचा, "नामपूर स्टेशन लागलं रे, कोणीतरी रेडिओचा काटा फिरवा." आता तो नाही. त्याच्यासारखं मला चिडवणारंही कोणी नाही.

रविवारी बसने नाशिकला उपासनेला यायचो. आमच्या मंडळीत एक रीत आहे. संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, आधी पाळकसाहेब विचारतात, उपकारासाठी कोण उभं राहणार? ज्याच्या घरी काही चांगलं झालं असेल तो उभा राहतो आणि सांगतो. नंतर विचारतात, विनंतीला कोण उभं राहणार? आजारपण, कोर्टकचेरी, न जमणारं लग्न, असं ज्याचं काही असेल तो उभा राहतो, आणि सगळी मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते.

मी उपकाराला कायम उभा. पोरगा झाला, उपकार. नोकरी कायम झाली, उपकार. बाप गेला तेव्हासुद्धा, त्याला शांतपणे नेलं म्हणून उपकार. विनंतीला एकदाही नाही. शमूच्या आईचं ऑपरेशन होतं तेव्हाही नाही. ती बरी झाल्यावर उभा राहिलो. ती अजून ते काढते. "आमचे हे देवाकडे फक्त पावती फाडायला जातात," असं बायकांत सांगते.

शमू म्हणजे आमचा शमुवेल, एकुलता एक. कंपनीत त्याला सॅम म्हणतात. इंजिनिअर झाला, मशीनचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेला आणि आम्हा दोघांना ओझरच्या दोन खोल्यांतून गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. सून करुणा, हॉस्पिटलात नर्स. गुणी माणसं आहेत दोघं. पण घरात टार्गेट, रिव्ह्यू, नाइट ड्यूटी, हेच शब्द. सकाळी एक जण येतो तेव्हा दुसरा निघतो. रविवारी एकाची तरी ड्यूटी असतेच, आणि माझा मुलगा रविवारी कॉलवर असतो. मी फोरमनला नाही म्हणत होतो हे त्याला सांगायचो. तो हसायचा. "बाबा, तुमच्याकडे जाधवकाका होते. माझ्या जागेवर बसायला दहा जण टपलेत."

संध्याकाळची कुटुंबप्रार्थना मी सोडली नाही. प्रार्थनेशिवाय ताटं वाढायची नाहीत, हा नियम माझ्या बापाचा, तो मी लावला. वरण थंड व्हायचं. शमू फोनवर बोलत फेऱ्या मारायचा आणि आम्ही डोळे मिटून त्याच्यासाठी थांबलेलो. करुणा एकदा म्हणाली, "बाबा, प्रार्थना छोटी केली तरी देवाला कळेल." मी त्या दिवशी मुद्दाम मोठी केली.

मागच्या वर्षी एक गोष्ट ध्यानात आली. शमूची गाडी गेटातून आत आलेली गॅलरीतून दिसायची, पण शमू वर यायचा नाही. अर्धा तास, पाऊण तास. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, साहेब गाडीतच बसून असतात. मी खाली गेलो. पार्किंगमध्ये गाडी बंद, काचा वर, आणि तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसलेला. मी काच वाजवली. काच खाली करून म्हणाला, "पाच मिनिटं बाबा. वर जायला जरा जोर आणतोय."

मग त्याने सांगितलं. कंपनी माणसं कमी करणार होती. त्याचं नाव निघेल असं वाटत होतं. "मंडळीत बोलू नका," म्हणाला. मी म्हटलं, बोलणार नाही. मी प्रार्थनेला बसलो. रोज पहाटे, गुडघे दुखतात तरी गुडघ्यावर. आणि एका पहाटे मला एकदम हलकं वाटलं. छातीवरची गोणी कोणीतरी उचलून घेतली असं. मी मनाशी म्हटलं, झालं, मिळालं. विश्वास धरला तर आधीच आभार मानायचे असतात, हे मी लहानपणापासून शिकलो होतो. मी खोटं बोललो असं कोणी म्हणू नये. मला मिळाल्यासारखंच वाटलं होतं.

रविवारी उपकाराला उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या मुलाच्या नोकरीवर संकट होतं. प्रभूने ती राखली." लोकांनी आमेन म्हटलं. पाळकसाहेब खूश झाले. म्हणाले, याकोबकाका, उपकारस्तुतीची सभा तुमच्याच घरी ठेवू या, गुरुवारी. शमूची आई माझ्याकडे बघत राहिली. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाली, "शमूला विचारलंत?" मी म्हटलं, देवाच्या कामात काय विचारायचं. शमूला ती गुरुवारपर्यंत सांगणार होती. तो भेटेल तेव्हा त्याच्या कानाला फोन, ते राहूनच गेलं.

गुरुवारी माणसं आली. पेटी आली, ढोलकी आली. दारात चपलांचा ढीग. शमूला माहीत असणारच असं धरून करुणाने सुट्टी काढून चिवडा आणि पेढे मांडले. तिसरं गीत चाललं होतं तेव्हा शमू दारात उभा राहिला. हातात नेहमीची लॅपटॉपची बॅग नव्हती. एक कापडी पिशवी होती, तिच्यात त्याचा चहाचा मग आणि आमच्या सगळ्यांचा फ्रेममधला फोटो. त्या दिवशीच कंपनीने त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला होता.

गीत थांबलं नाही. एक मावशी उठली, म्हणाली, "अभिनंदन बाळा, देवाने राखलं," आणि तिने त्याच्या तोंडात पेढा भरला. माझा मुलगा तो पेढा गिळेपर्यंत तसाच उभा राहिला. मग पिशवी सोफ्याच्या मागे ठेवून माणसांत बसला, मांडी घालून. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून नोकरीबद्दल आभाराची प्रार्थना केली. तो आमेन म्हणाला.

सगळे गेल्यावर मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, आणि दोघांचं निभावलं असतं. तो चपलांच्या जागी सांडलेला चिवडा गोळा करत म्हणाला, "बाबा, तुम्ही माझ्यासाठी मागितलं असतंत तर चाललं असतं. तुम्ही मागितलंच नाहीत. सांगून टाकलंत."

त्यानंतर तो उपासनेला आला नाही. फोन उचलत नाही. अर्ज करतो म्हणे, पण या वयाच्या माणसाला उत्तरं येत नाहीत. करुणा जास्तीच्या ड्यूट्या घेते आणि तिचे पाय सुजतात. दोघांत भांडण नाही, आणि बोलणंही नाही. मी त्याच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचो. मला इंग्रजी येत नाही, कोणा साहेबाची ओळख नाही. एक प्रार्थना येत होती, तीही तोंडात कोरडी पडलेली. शब्द सगळे उपकाराचेच यायचे. दुसरे कधी वापरलेच नव्हते.

शमूची आई एकदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "खुर्ची झिजवून काय होणार? तुमच्या बापाला मागायची लाज वाटायची म्हणून माझ्या पोराने एकट्याने मरायचं का?" एवढं बोलून ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, उपकारासाठी कोण उभं राहणार? सवयीने चार माणसांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी बसून राहिलो. मग त्यांनी विचारलं, विनंतीला कोण उभं राहणार? पुढच्या बाकाची पाठ धरून उठलो. ठोकळा धरायचो तशी ती दाबून धरली. म्हणालो, "मागे मी उपकार मानला तो चुकीचा होता. पोराची नोकरी गेली. तो कोणाशी बोलत नाही. मला काही सुचत नाही. तुम्ही मागा त्याच्यासाठी." खाली बसताना शेजारच्याने दंडाला धरलं. मंडळीने प्रार्थना केली. काय केली ते मला ऐकू आलं नाही. माझ्या कानात बाप होता.

घरी आलो तर शमूला कोणीतरी कळवलंच होतं. "तुम्ही विनंतीला उभे राहिलात?" म्हणाला. मी हो म्हटलं. तो गाडीची चावी उचलून बाहेर गेला. मी गॅलरीत गेलो. गाडी गेटाबाहेर पडली नाही.

खाली उतरलो. कुठं जायचं नसताना तो गाडीत बसला होता, हात स्टिअरिंगवर. मी काच वाजवली नाही. दुसऱ्या बाजूने दार उघडून शेजारी बसलो. समोर पार्किंगची भिंत, तिच्यावर फ्लॅटचा नंबर. दोघं तिच्याकडे बघत बसलो. मी प्रार्थना म्हटली नाही. नंतर तोच म्हणाला, "बाबा, काहीतरी बोला."

मला आईचं तेवढं आठवलं. "देव आठे बी शे," म्हटलं. त्याला अहिराणी येत नाही, आम्ही शिकवली नाही. म्हणजे काय, त्याने विचारलं. मी म्हटलं, तुझी आजी बस हलल्यावर म्हणाली होती. देव तिथंही आहे, म्हणाली होती. मी म्हणतोय, इथंही आहे. त्याने एक हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवला.

याला आता बरेच दिवस झाले. नोकरी लागलेली नाही. उपासनेला तो अजून येत नाही. करुणाचे पाय सुजतातच. संध्याकाळी ताटं वाढून घेतो आणि मग प्रार्थना, गरम असताना, छोटी. कधी तो बसतो, कधी खाली जातो. खाली गेला की मीही जातो आणि शेजारच्या सीटवर बसतो. पलीकडून कोण ठोकतंय, ठोकतंय की नाही, मला दिसत नाही. मी आपला धरून बसतो.

गावाकडून निरोप येतात, घर पडलंय, येऊन बघून जा. येणार नाही असं नाही. पण माझं घर म्हणाल तर सध्या ते तळमजल्यावर, बंद गाडीत, डाव्या हाताच्या सीटवर आहे. तुमच्याकडे अजून मंदिर असेल, रूळ टांगलेला असेल, तर पुढच्या रविवारी वाजवाल तेव्हा शमुवेलचं नाव घ्या. याकोबने मागितलंय असं सांगा.