पिठावरची चार बोटं

तीस वर्षं जोतीरामनं बेकरीच्या भट्टीवर काढली. निम्म्या कोल्हापूरची मिसळ त्याच्या हातच्या ब्रेडसंगं पोटात गेली म्हटलं, तरी कुणी नाही म्हणणार नाही. आणि आता बघा नशीब. दिवाळीत उजव्या अंगावरून वारं गेलं, वाचा बसली, आणि हा माणूस स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसून बायकोचं फसलेलं पीठ बघत होता.

भाकरी त्याला गिळवेना. विकतच्या ब्रेडला तोंड लावीना. घरचा ताजा तुकडा दुधात बुडवून खावा, एवढीच वासना उरली होती. शेवटी शालूबाईनं मोबाईलवर बघून स्वतःच घाट घातला. मैदा, यीस्ट, कोमट दूध, सगळं मापात. मळलं असं झकास, की जोतीरामला शाबासकी द्यावीशी वाटली. पण झाकताना तिनं गोळ्यावर चार बोटं उमटवली. जन्माची सवय. मळलेला गोळा गुळगुळीत ठेवला की तो पिंड दिसतो, मेलेल्याच्या नावानं मांडतात तसा. म्हणून बाया त्यावर बोटं उठवतात.

पौषातला गारठा. अशा दिवसांत पीठ उशिरा येतं, पण येतं. घोंगड्यात गुंडाळलेल्या पातेल्यात ते हळूहळू फुगायचं, बोटांच्या खुणा भरून निघायच्या. शालूबाई फडकं उचलायची आणि गोळा गुळगुळीत दिसला की परत चार बोटं खोल. झालं, सगळी हवा बाहेर. संध्याकाळी जे भाजून निघायचं, ते कुत्र्यानंही हुंगून सोडलं असतं.

"गारठाच मेला वाईट," ती म्हणायची.

गारठा कशाचा, तुझी बोटं! पण जोतीरामच्या तोंडून नुसतं "आं, आं" निघायचं. ती पाण्याचा पेला पुढं धरायची. नाहीतर विचारायची, "मोरीत जायचं व्हय?" त्याला रडू फुटायचं, आणि त्या रडण्याचाही ती भलताच अर्थ लावायची.

चौथ्या दिवशी ती सकाळीच म्हणाली, "आज न्हाय आलं तर बास. माझ्यानं न्हाय व्हायचं."

दुपारी तिनं फडकं उचललं. पीठ पातेल्याच्या काठाला आलं होतं. तिचा हात पुढं गेला, तसा जोतीरामनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि जोरजोरात मान हलवली.

"बोटं नगं म्हणतायसा व्हय?"

त्यानं हो म्हणून मान हलवली. चार दिवसांत पहिल्यांदा तिला कळलं होतं.

शालूबाई तिथंच खाली बसली. "ठाव हाय मला. मोबाईलवरची बाईबी म्हणत हुती, दाबू नका म्हणून. पर तुमी असं बसलायसा, आणि तुमच्या म्होरं मी पिंड मांडून ठिवू? हात आपसूक जातुय माझा."

जोतीरामला तिचा राग आला. कसली ही अडाणी बाई, असं वाटलं. मग तिची मान खाली गेलेली दिसली, आणि राग कुठल्या कुठं गेला. त्यानं मनगट सोडलं. तिचा हात मात्र तसाच अधांतरी राहिला, ना पुढं ना मागं.

तेव्हा त्यानं डावा हात लांबवला आणि आपलीच चार बोटं पिठात खुपसली. पीठ खाली बसलं, आणि शालूबाईनं मोकळा श्वास टाकला.