तिसऱ्या औषधाचं नाव

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो बोंडअळीच्या कृपेनं. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळी कशालाच दाद देत नव्हती. फवारणी जोरात, म्हणून माझ्या नवऱ्याचं अकोल्यातलं कृषी केंद्रही जोरात. औषध कंपनी खूश झाली आणि अकोल्या-अमरावतीच्या दुकानदारांना बायकांसकट कोकणात घेऊन गेली. शनिवार-रविवार, शिडाच्या होड्या, बेटं, खाणंपिणं, सगळं फुकट. आजही कुणी ‘किती छान!’ म्हणालं की माझं डोकं फिरतं.

पिकावर मारायच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. माझा नवरा तीन औषधं दुकानातच एकत्र करून साध्या पाण्याच्या बाटलीत भरून द्यायचा. एकाच फवारणीत तीन कामं होतात, मजुरी वाचते, म्हणून लोक तेच मागायचे. असं मिश्रण वऱ्हाडात पुष्कळ दुकानदार देतात, पण आमच्या दुकानाचं गाजलेलं. दोन औषधं कंपनीची असत. तिसरं कुठूनसं यायचं, बिलाशिवाय, आणि त्याचं नाव तो बायकोलाही सांगत नसे. निघायच्या आदल्या दिवशी तेल्हाऱ्याहून माझा धाकटा भाऊ आला, तेव्हा त्यालाही बाटली दिली. घरचा माणूस म्हणून जरा कडकच करून दिली, असं मला कौतुकानं सांगितलंही.

पहिल्या दिवशी आम्ही दोन बेटं पाहिली. होडीच्या पांढऱ्या शिडावर कंपनीचं नाव एवढं मोठं की किनाऱ्यावरून वाचता यावं. आम्ही बायका साड्यांवर नारिंगी जाकिटं चढवून बसलो होतो, मांडीवर चिवड्याचे डबे. पुरुष अळीच्या गप्पा मारत होते, आणि त्या गप्पांत त्यांना आनंद होत होता. हे मला तेव्हाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या साहेबानं शर्यत ठेवली. एका होडीत अकोल्याचे दुकानदार, दुसरीत अमरावतीचे. मोबाईल पाण्यात पडतील म्हणून साहेबानं पुरुषांचे सगळे मोबाईल एका पिशवीत घालून स्वतःच्या होडीत ठेवले. आम्ही बायका बेटावरच्या वाळूत टाळ्या वाजवायला उभ्या. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. भावजय होती, भावाची बायको.

“ताई, यायले उलट्या होऊन राहिल्या वो. डोळ्याले दिसून नाई राहिलं म्हणते. अकोल्याले मोठ्या दवाखान्यात आनलं. डॉक्टर विचारून राहिले औषध कोनतं मारलं, आन् बाटलीवर तं काईच लिवेल नाई. भाऊजीले विचारा न लवकर!”

मी गुडघाभर पाण्यात शिरले आणि दोन्ही हात हलवून नवऱ्याच्या नावानं ओरडले. तो लांबून हात हलवत होता. त्याला वाटलं, बायको हुरूप देते आहे.

होड्या परत आल्या. अमरावतीवाले जिंकले होते, त्यांची आरडाओरड चाललेली. नवरा भिजलेला, हसत उतरला. मी एका दमात सगळं सांगितलं आणि मोबाईल त्याच्या हातात कोंबला. पलीकडे डॉक्टर थांबले होते. याचं हसू मावळलं. त्यानं साहेबाकडे पाहिलं, भोवतीच्या दुकानदारांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, “थोड्या वेळानं करतो न. आता लोकं हायेत.”

“लोकं हायेत? तिकडं माहा भाऊ मरून राहिला अन् तुमाले लोकायचं पडलं?”

मग त्यानं डॉक्टरांना नावं सांगितली. दोन. कंपनीची दोन, तीही साहेबाला ऐकू जातील अशी. मी म्हटलं, तिसरं? तो म्हणाला, दोनच होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मोबाईल ओढून घेतला आणि डॉक्टरांना म्हणाले, “साहेब, तीन होते. हा मानूस खोटं बोलून राहिला.” डॉक्टरांनी विचारलं, तिसऱ्याचं नाव? ते मला कुठे माहीत होतं! मी नवऱ्याला सगळ्यांसमोर विचारलं. एकदा, दोनदा, मग किंचाळून. साहेब समुद्राकडे बघायला लागला. बाकीचे दुकानदार, जे सगळेच असली मिश्रणं विकत होते, ते वाळूकडे बघत राहिले. एकालाही वाटलं नाही की याला दंडाला धरून हलवावं. बिनबिलाचं औषध साहेबाला कळलं तर कंपनीची एजन्सी जाईल आणि इतरांना कळलं तर मिश्रणाची चोरी होईल, एवढंच माझ्या नवऱ्याच्या डोक्यात होतं.

जेवण तसंच टाकून साहेब आम्हाला घेऊन परतीच्या होडीत बसला. बेट मागे पडलं तशी मोबाईलची रेंज गेली. थोड्या वेळानं वाराही पडला. शीड लोंबायला लागलं, होडीवाल्यानं वल्ही काढली. सगळे सुस्तावल्यावर नवरा माझ्याकडे सरकला आणि तिसऱ्या औषधाचं नाव माझ्या कानात सांगितलं. जिथून कुणाला सांगता येणार नव्हतं, तिथे सांगितलं.

मी त्याला मारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. मला त्या नावाची धास्ती होती. परक्या भाषेतलं ते नाव मी विसरले तर? म्हणून किनारा येईपर्यंत ते पुटपुटत राहिले, रागाला तोंडात जागाच नव्हती. शेजारची बाई म्हणाली, जप करून राहिल्या का ताई? रेंज येताच मी उभी राहून ते नाव डॉक्टरांना ओरडून सांगितलं. सगळ्या होडीनं ऐकलं, साहेबानंही.

भाऊ वाचला. डोळे मात्र गेल्यासारखेच, उजेड-अंधार आणि माणसांचे आकार तेवढे कळतात. नाव आधी कळलं असतं तर डोळे वाचले असते का, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत. मी सांगू शकते. नवऱ्याला मी तेव्हापासून जेवायला वाढते आणि एवढंच करते. एजन्सी गेली नाही. साहेबानं काहीच ऐकलं नव्हतं म्हणे.

उलट कंपनीनं त्या सहलीचा, मागे पांढरं शीड असलेला मोठा फोटो चौकटीत घालून पाठवला आणि नवऱ्यानं तो दुकानात गल्ल्याच्या वर टांगला. दिवाळीनंतर भाऊ तपासणीसाठी अकोल्याला आला. मी त्याचा हात धरून त्याला दुकानात जरा टेकायला नेलं. त्यानं भिंतीवरचा तो पांढरा चौकोन पाहिला, जवळ गेला, नाक काचेला लागेपर्यंत गेला.

“हे शीड हाये न ताई?” तो म्हणाला. “त्याच्यावर काई लिवेल हाये का?”

नवरा गल्ल्यावरच होता. मी म्हटलं, “तुह्या भाऊजीले विचार. त्याईले नावं पाठ असतात.”

नवऱ्यानं मान वर केली नाही. भाऊ काचेला नाक लावून वाट पाहत राहिला.