पत्रा किती वर्षांसाठी हवाय?

गेल्या गुरुवारी अर्धी रजा टाकून सांगलीतल्या एका पत्र्याच्या दुकानात गेलो होतो. हल्ली कुठलंही काम काढलं की आधी थकवाच येतो... पण पाऊस महिन्यावर आलाय, हे टाळता येण्यासारखं नव्हतं.

पत्रा माझ्या घरासाठी नव्हता. माझा मोठा भाऊ, दादा, रत्नागिरीजवळच्या एका गावात शिक्षक होता. समुद्राच्या अगदी बाजूला त्यानं दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. दिवाळीनंतर तो गेला... हार्ट अटॅक. शेवटी त्याला आमच्या गावी, कोरेगावलाच आणलं. वहिनी रत्नागिरीकडच्या त्याच गावात पोस्टात आहे, पुतणी यंदा नववीत जाईल.

त्या घरावरचे पत्रे मूळचे आमच्या कोरेगावच्या गोठ्यावरचे. गोठा मोडला तेव्हा दादा ते टेम्पोत घालून घेऊन गेला. आमच्याकडं वडिलांच्या काळापासून होते, डाग म्हणून नव्हता... तिथल्या खाऱ्या वाऱ्यात थोड्याच दिवसांत स्क्रूच्या भोकांपासून गंज धरला.

मग दर एप्रिलमध्ये दादा वर चढायचा. गंज घासायचा, रेड ऑक्साइड मारायचा. फोनवर हसत सांगायचा, "समुद्राला आपला कोरेगावचा पत्रा लय गोड लागतोय रं."

या एप्रिलला कुणीच चढलं नाही... मध्ये वहिनीचा फोन आला. दुपारी ओट्यावर उन्हाचे ठिपके पडतात म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं.

घरी बोलणं झालं. पुतणीची दहावी झाली की दोघींनी कोरेगावला यायचं, हे दादाच्या सुतकाच्या दिवसांतच सगळ्यांनी ठरवलं होतं. आईनं तर माळ्यावरून पुतणीसाठी टेबलसुद्धा काढून ठेवलंय. मामा म्हणाले, "साधा पत्रा टाक. दोन पावसाळं निघालं म्हंजी झालं." मीही मान हलवली. दोघी जवळ याव्यात असं मलाही वाटत होतं... तेवढाच दादा घरात राहिला असता.

तर दुकानात मी साधे जीआय पत्रे मागितले, मापं दिली. दुकानदार वयस्कर होते. त्यांनी घर कुठं आहे म्हणून विचारलं. रत्नागिरीकडं म्हटल्यावर लिहायचे थांबले.

"घरात लाटांचा आवाज येतो का?"

मला पटकन सांगता येईना. वास्तुशांतीला एकदा गेलो होतो, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मग आठवलं... दादाशी फोनवर बोलताना मागं कायम एक घरघर असायची. मी समजायचो रेंज नाही. येतो, म्हटलं.

मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. समुद्रापासून बरंच आत असतं तर चांगल्या कोटिंगचा रंगीत पत्रा चालला असता. लाट ऐकू येते इतक्या जवळ ॲल्युमिनियमच बरा, आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. खालच्या लोखंडी अँगलवर तो नुसता टेकवायचा नाही, मध्ये रबराची पट्टी घालायची. वळचणीखालचा जो भाग पावसानं धुतला जात नाही, तिथं मीठ बसतं... तेवढा भाग वर्षातून एकदा गोड्या पाण्यानं धुवायचा. रंगाची कटकट नाही.

मी म्हटलं, पण आम्हाला दोनच पावसाळे काढायचेत.

"मग साधा न्या, माझी काय हरकत नाही," ते म्हणाले. "पण तिथं राहणाऱ्या माणसाला विचारलंय का, किती वर्षं राहायचंय ते?"

विचारलं नव्हतं... दादा गेल्यापासून वहिनीचं पुढं काय, यावर आमच्या घरात सगळे बोलले होते. वहिनी तेव्हा आत चहा करत होती.

दुकानाबाहेर येऊन तिला फोन लावला. त्यांनी जे विचारलं तेच विचारलं, पदरचं काही घातलं नाही. पलीकडं मागं तीच घरघर होती.

"टिकणारा घ्या, भाऊजी," ती म्हणाली. "आम्ही इथंच राहणार आहोत. आईंना कसं सांगावं, तेवढंच कळत नव्हतं."

मी सांगतो, म्हटलं. आत जाऊन ॲल्युमिनियमची ऑर्डर दिली.

रविवारी कोरेगावला गेलो. आई सोप्यात बियाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. दोघी तिथंच राहणार, पत्राही टिकणारा घेतलाय, सरळ सांगून टाकलं... दुसरं कसं सांगणार. ती शेंगा फोडत राहिली. मी पण मूठभर घेतल्या आणि फोडत बसलो.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "ह्यो तरी टिकंल न्हवं?"

टिकेल म्हटलं. वर्षातून एकदा वळचण धुतली की झालं.

"कवा धुवायची?"

एप्रिलमध्ये, म्हटलं. दादा चढायचा तेव्हाच.

आईला घाट लागतो, बसमध्ये बसलं की उलट्या होतात. त्यामुळं दादाच्या घरी ती कधी गेलीच नाही, तोच इकडं यायचा. तिनं सुपातली टरफलं बाजूला सारली.

"मग एप्रिलात मलाबी ने. त्यो कुटं ऱ्हात हुता, म्या बघितलंच न्हाई."

आज गेलो तर टेबल परत माळ्यावर गेलं होतं. कुणी चढवलं, विचारलं नाही...

पत्रे उद्या टेम्पोनं निघतील. घाईत त्या दुकानदारांचे आभार मानायचे राहून गेले. ते फेसबुकवर नसावेत... तरी इथं लिहून ठेवतोय.