दोन जावांचा एक काढा

लग्न होऊन बदनापूरला आले तेव्हा मी नवखी, सगळ्यांना भिऊन असायची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सासरे प्राथमिक शाळेत शिक्षक होते, पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख होती ती आवाजामुळं. बुद्ध-भीमगीतांची त्यांची गायनपार्टी होती. कुठं लग्न असलं, की पेटी घेऊन निघालेच.

त्या हिवाळ्यात त्यांचा घसा बसला. तोंडातून नुसती हवा निघायची. आणि रविवारी तर जाफराबादला लग्नात गायचं होतं.

सासूबाईंनी मला परसात नेलं. विहिरीच्या कडेला अडुळसा माजला होता. "पिवळी पडलेली पानंच तोड. वाफवून रस काढ अन् गुळात आटव."

मी पानं घेऊन वळते तोच चुलत सासूबाई आल्या. त्या शेजारच्याच खोलीत राहायच्या. "अडुळशानं खोकला जाईल, गळा न्हाई सुटायचा. सुंठ, मिरे, ज्येष्ठमध कुटून घे अन् बराबर उकळव."

दोघी जावांचा एकमेकींवर भारी जीव होता. एकीच्या घरचं कालवण दुसरीकडं गेल्याशिवाय कुणी जेवायला बसत नसे. पण औषधाचा विषय निघाला की कुणी कुणाचं ऐकायचं नाही. मधे सापडले मी. रोज सकाळी दोन वेगवेगळे काढे उकळायचे. सासरे बिचारे दोन्ही मुकाट्यानं प्यायचे. "कुणाच्या काढ्यानं बरं वाटून राह्यलं?" असं विचारलं, की गळ्याकडं बोट दाखवून गप्प बसायचे. बसलेला घसा त्यांना तेवढ्यापुरता फार उपयोगी पडला.

शनिवारी सकाळी पाहुणे आले. भाकरी थापायच्या, चहा ठेवायचा, आणि चूल एकच. दोन काढे करायचे कधी? मी सरळ एक मोठं पातेलं चढवलं. अडुळशाची पानं टाकली, सुंठ-मिऱ्याची पूड टाकली, ज्येष्ठमध आणि गुळाचा खडाही टाकला. माहेरी आई घालायची म्हणून गवती चहाच्या चार पातीही मुरगाळून घातल्या. सासरे चुलीपाशी शेकत बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं, पण बोलणार कसं?

काढा गाळून मी दोन पेल्यांत ओतला. दोघी नेहमीप्रमाणे चव बघायला आल्या.

सासूबाईंनी घोट घेतला. "आज अडुळसा लई झ्याक उतरलाय!"

दुसऱ्या पेल्यातून चुलत सासूबाई प्याल्या. "बघा, सुंठीचा अंदाज बसला पोरीला."

सासऱ्यांना हसू आवरेना. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि एकदम घशातून खरखरीत आवाज फुटला, "अगं, एकाच पातेल्यातलाय तो!"

मी फडक्यासकट दोन पावलं मागं सरकले. आता बोलणी बसणार! पण दोघी आधी एकमेकींकडं, मग पेल्यांकडं बघत राहिल्या आणि चुलत सासूबाई पोट धरून खालीच बसल्या. "मंग आधीच का न्हाई केलं गं असं? उगी दोन-दोन पातेली घासत बसलीस!" सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, तरी हसणं बाहेर येतच होतं. त्या घरात इतकं मोकळं मीही पहिल्यांदाच हसले.

रविवारी आम्ही सगळे एसटीनं जाफराबादला गेलो. काढ्याची बाटली माझ्या मांडीवर होती. सासऱ्यांनी पहिलं गाणं खालच्या पट्टीत, जपून घेतलं. दुसऱ्याला आवाज थोडा फाटला. तिसऱ्याला मात्र असा मोकळा लागला, की मांडवातल्या बायका कामं सोडून पुढं आल्या. गुण काढ्याचा की इतके दिवस गप्प राहिल्याचा, ते कोण सांगणार! कोरसवाल्यांनी तोवर बाटली रिकामी केली होती.

जेवणं झाल्यावर नवरीच्या मावशीनं विचारलं, "गुरुजींना काय दिलं हो? आमच्याकडंही सगळे खोकून राह्यले."

मला वाटलं, आता पुन्हा अडुळसा आणि सुंठीची जुंपणार. पण सासूबाईंनी मला दंडाला धरून पुढं केलं.

"आमच्या सूनबाईला विचारा. तिचा काढा हाय."

"बिलकुल तिचाच," चुलत सासूबाई म्हणाल्या.

मग त्या बायकांच्या घोळक्यात बसून मी सांगायला लागले. दोघी दोन बाजूंनी मला दुरुस्त करत होत्या.